सतार-गिटारचं घरगुती रेकॉर्डिंग: तरफा मरतात, गंधार खटकतो

परळचा_पडदा
१० बाय १२ची खोली, खिडकीखालीच रस्ता. एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा इंटरफेस. सतारीचा षड्ज (सा) पेटीच्या काळी एकला; गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी लावून सगळी अर्धा स्वर उतरवलेली, म्हणजे षड्ज तोच. राग यमन, आलाप आणि मध्यलय गत (तालात बांधलेली रचना).
१) आवाज साफ केला की तरफांची (पडद्यांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांची) आस मध्येच तुटते.
२) ट्यूनरवर दोन्ही बरोबर, तरी गंधार (ग) भांडतो.
३) यूट्यूबवर अपलोड केल्यावर आवाज इतरांपेक्षा हळू येतो.

तरफ_तेरा
नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं फिल्टर) लावलाय ना? काढा. विरत जाणारी आस आणि रस्त्याची घरघर एकाच पातळीवर येतात, गेटला त्यातलं काय ठेवायचं ते कळत नाही. नॉइज रिडक्शनही तेच करतं, फक्त हळूहळू.

गोंगाट आधीच कमी करा. पंखा, फ्रिज बंद. लोकल थांबलेल्या असतात तेव्हा, साधारण रात्री दीड ते चार, आलाप उरकून घ्या. माइकच्या मागे आणि खिडकीवर गोधड्या, कपाटाचं दार उघडं. साड्यांइतकं चांगलं शोषण विकत मिळत नाही. एसी बंद केल्यावर पंधरा मिनिटांनी तारा पुन्हा सुरात लावून घ्या, खोली तापली की तारा उतरतात.

माइक घोडीवर (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) रोखू नका, तिच्या जवारीची, म्हणजे घासलेल्या माथ्याची, खरखरच येईल. घोडी आणि शेवटचा पडदा यांच्यामधल्या तबलीकडे (वरच्या लाकडी फळीकडे), दीड फुटावरून. गिटारला बाराव्या पडद्याकडे, फूटभर अंतरावर. भोकासमोर ठेवलात तर आवाज नुसता घुमतो. २४ बिट, ‘झाला’ (शेवटचं जलद झंकारणं) सर्वात जोरकस असतो, तोही उणे १२ डीबीच्या आत. लो-कट (खालचे स्वर कापणारं फिल्टर) ८० हर्ट्झवर असेल तर खाली आणा: काळी एकचा खर्ज (सर्वात खालचा) षड्ज ६९ हर्ट्झला आहे.

खर्ज_पंचम
गंधाराचं भांडण ट्यूनरने मिटणार नाही. कानाने लावलेला शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), गिटारच्या पडद्यावरचा ४००. सतारीचा पडदा सरकवाल, पण मग तरफेचा गंधार बोलायचा बंद होईल. गिटारनेच गंधार सोडावा.

शिवाय तुमची तिसरी तार मोकळी वाजली की शुद्ध मध्यम देते. यमनात, जिथे मध्यम तीव्र असतो! तिला पूर्ण एक स्वर चढवून पंचम करा. नेहमीच्या जी-पेक्षा ती अर्धाच स्वर वर जाते, तुटायची भीती नाही. आता सगळ्या तारा सा-प, दुसरी-तिसरी जुळी. मस्त झंकारते.

एकच माइक आहे, तर आधी सतार घ्या, कानात तानपुरा. हेडफोन बंद कपांचा हवा, नाहीतर तानपुरा माइकमध्ये झिरपतो.

परळचा_पडदा
तिसरी तार चढवली. फरक लगेच कळतो. आणि तो हळू आवाज?

तरफ_तेरा
यूट्यूब उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) मोठं असेल ते खाली आणतं, लहान असेल ते वर नेत नाही. पण त्यापायी आलाप लिमिटरने (मोठे आवाज दाबणाऱ्या साधनाने) चेपू नका. उणे १८ ते १६ पुरे, शिखर उणे १. मूळ फाइल फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता आवाज साठवणारा प्रकार) जपा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट केलीत की तरफा गेल्याच.

खर्ज_पंचम
रागावर कुणाची मालकी नाही, ‘गत’ या रचनेवर असू शकते. आपल्याकडे रचनेचा कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गत कुणाची ते वर्णनात लिहा, आणि ती कितव्या मिनिटाला सुरू होते तेही. आलाप ओलांडून जाणारे बरेच असतात.