जॅकी वीव्हर यांना ‘उतारवयात उगवलेली तारका’ म्हणावे का?

विश्रामबागकर, सांगली

नमस्कार. आमच्या चित्रपट मंडळात येत्या रविवारी ‘ॲनिमल किंगडम’ हा २०१० सालचा ऑस्ट्रेलियन चित्रपट दाखवायचा असून, त्यातील अभिनेत्री जॅकी वीव्हर यांच्याविषयी दहा मिनिटांचे प्रास्ताविक करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, म्हणून मी मसुद्यात ‘उतारवयात उगवलेली तारका’ असे लिहिले. मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी त्या शब्दांवर लाल रेघ ओढून कागद परत केला. कारण काही सांगितले नाही. त्यांचा आक्षेप नेमका कशाला असावा?

हरिपूरचा वाचक

काकांची रेघ योग्य जागी पडली आहे, ताई. वीव्हर यांचा जन्म १९४७ चा, सिडनीचा, आणि त्या किशोरवयातच रंगमंचावर आल्या. ‘स्टॉर्क’ (१९७१) या चित्रपटासाठी त्यांना ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटचा पुरस्कार मिळाला आणि ‘कॅडी’ (१९७६) मधील साहाय्यक भूमिकेसाठी पुन्हा मिळाला. त्या दोहोंच्या मधल्या काळात ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९७५) मधील मोलकरीण मिनी त्यांनी केली. पुढे चित्रपट विरळ झाले, पण नाटक सुटले नाही. आपल्या गावाला आपण नाट्यपंढरी म्हणवतो, १८४३ च्या ‘सीता स्वयंवर’चा अभिमान मिरवतो, आणि तरीही राज्य नाट्य स्पर्धेत वर्षानुवर्षे भावे नाट्यमंदिराचा मंच गाजवणारी बाई एखाद्या मालिकेत आईच्या भूमिकेत दिसली की तिलाच विचारतो, ‘इतके दिवस कुठे होतात?’ काकांना बहुधा हेच खटकले असावे.

मिरजेहून

ऑस्कर नामांकनानंतरची एक गोष्ट प्रास्ताविकात अवश्य घ्या. चेखॉव्हच्या ‘अंकल वान्या’चा सिडनी थिएटर कंपनीने २०१० मध्ये जो प्रयोग उभा केला, त्यात केट ब्लँचेट येलेना होत्या, ह्यूगो वीव्हिंग डॉक्टर ॲस्ट्रॉव्ह होते आणि वीव्हर म्हातारी दाई मरीना होत्या. नामांकन मिळाल्यानंतर, २०११ मध्ये, हेच नाटक वॉशिंग्टनला गेले तेव्हाही त्या दाईच्याच भूमिकेत उभ्या राहिल्या. ज्या भूमिकेला सामोवारजवळ, म्हणजे चहाच्या रशियन बंबाजवळ, बसून विणकाम करायचे आणि मोजकी वाक्ये बोलायची, ती भूमिका नामांकनानंतरही न सोडणे हा कंपनीच्या शिस्तीत वाढलेल्या नटाचा स्वभाव आहे.

‘ॲनिमल किंगडम’मध्ये हाच संयम भयंकर रूप घेतो. मेलबर्नमधील गुन्हेगार मुलांची ही आई, जिला सारे ‘स्मर्फ’ म्हणतात, ठेंगणी, हसरी, ‘स्वीटी’ म्हणत प्रत्येकाशी लाडाने बोलणारी. आपल्याच नातवाचा काटा काढायला हवा, हे ती एका पोलिसाला पटवून देते तेव्हा तिचा आवाज चढत नाही आणि हसू मावळत नाही. शेजारणीकडे विरजण मागावे इतक्या सहजतेने ती बोलत असते. दिग्दर्शक डेव्हिड मिशॉड यांनी तिच्याकडून एकही किंकाळी मागितलेली नाही. मी हा प्रसंग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मला तिच्या डोळ्यांकडे पाहणे जड गेले.

साताऱ्याचा जुना प्रेक्षक

सगळे मान्य, पण लाल रेघेच्या भरात दुसरे टोक गाठू नये. ऑस्ट्रेलियाबाहेर त्यांना फारसे कोणी ओळखत नव्हते आणि हॉलिवूडची दारे त्या नामांकनानंतरच उघडली, हे खरेच आहे. ‘सिल्व्हर लाइनिंग्ज प्लेबुक’ (२०१२) मध्ये रॉबर्ट डी नीरो यांच्या पत्नीच्या, म्हणजे घरातील भांडणे निमूटपणे सोसणाऱ्या डोलोरेसच्या, भूमिकेसाठी त्यांना दुसरे नामांकन मिळाले. दोन्ही वेळा पुरस्कार दुसरीकडे गेला. तेव्हा ‘उगवली’ हा शब्द काढा. ‘आपल्याला उशिरा दिसली’ असे लिहिलेत तर काका हरकत घेणार नाहीत.

विश्रामबागकर, सांगली

सर्वांचे आभार. वाक्य बदलले आहे आणि प्रास्ताविकाची सुरुवात आता मरीना दाईपासून होईल. पोलिसाबरोबरचा प्रसंग मात्र आधी सांगणार नाही. मंडळातील निम्म्या लोकांनी चित्रपट पाहिलेला नाही.