जुना आदेश रद्द झाला की नाही, हे ठरवतं कोण?

मंडळी, जरा मदत हवी आहे. सरकारं आपल्याच आदेशांचा हिशेब कसा ठेवतात, यावर अभ्यासगटासाठी टिपण लिहितोय.

घोडं अडलंय ते या नेहमीच्या वाक्यापाशी: 'या आदेशाशी विसंगत असलेले यापूर्वीचे सर्व आदेश रद्द समजण्यात यावेत.' झालं, लिहिणारा सुटला! विसंगत कोणते आणि कितपत, हे शोधणं आलं टेबलावरच्या कारकुनाच्या गळ्यात. तो अंगाशी नको म्हणून जुना-नवा दोन्ही धरून चालतो आणि अर्जदाराकडून दोन्हींचे कागद मागतो. माझ्या मते लालफीत इथे वाढते, आदेशांच्या संख्येनं तेवढी नाही.

अमेरिकेतला किस्सा तर भन्नाट आहे. १९३३ साली तेल उत्पादनाच्या संहितेतलं मर्यादेचं कलमच एका दुरुस्ती आदेशात नजरचुकीनं गळलं. तरी ते मोडल्याबद्दल कारवाया चालूच! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निघालं तेव्हा सरकारी वकिलांना कळलं की कलम जागेवरच नाही. मग आदेश एका जागी प्रसिद्ध करायला लावणारा १९३५ चा कायदा आला आणि १४ मार्च १९३६ पासून 'फेडरल रजिस्टर' हे तिथलं सरकारी राजपत्र निघू लागलं.

पण राजपत्रात आदेश सापडतो, आज लागू कोणता ते कळत नाही. ब्रिटननं २०११ मध्ये 'एक नियम आणाल तर एक काढा' आणि २०१३ पासून 'दोन काढा' असं धोरण ठेवलं. पण हे आणणं-काढणं मोजायचे व्यवसायांवर पडणाऱ्या खर्चात, म्हणजे लागू आदेश कोणता हा माझा प्रश्न तसाच राहतो. सगळ्या दुरुस्त्या घालून केलेली एकत्रित प्रत कायद्याने ग्राह्य असते का?

प्रतिसाद १
युरोपीय संघात नसते, ती फक्त माहितीसाठी. मात्र रीतसर संहिताकरण (जुना कायदा आणि त्याच्या दुरुस्त्या मिळून एकच नवा कायदा) केलं की नवा कायदा जुने कायदे नावानिशी रद्द करतो आणि शेवटी तक्ता जोडतो: जुनं कलम अमुक, नवं तमुक. तुमच्या कारकुनाला हवाय तो हाच कागद. रोमन सम्राट थिओडोसियसनं ४३८ मध्ये याहून कडक केलं होतं. कॉन्स्टंटाइनपासूनचे जे कायदे संहितेत नाहीत ते, थोडे अपवाद सोडले तर, कोर्टात चालणार नाहीत!

धागाकर्ता
तक्ता! हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार. पण तो बनवतं कोण, मसुदा लिहिणाराच की वेगळं खातं? आणि त्यात कलम सुटलं तर कोर्ट काय धरतं?