मदत हवी आहे: साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाची इतिवृत्तं (१८६८–७७)

नमस्कार मंडळी,

जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच सुमारास तिकडे मुक्त झालेली माणसं काय करत होती, यावर मी आमच्या वाचनालयात बोलणार आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर, १८६८ पासून, साउथ कॅरोलिना राज्याच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीय आमदारांचं बहुमत होतं. त्यातले कित्येकजण काही वर्षांपूर्वी स्वतः गुलाम होते! त्याच वर्षीच्या राज्याच्या नव्या घटनेने सर्वांसाठी सरकारी शाळा आणल्या आणि निवडणूक लढवायला लागणारी मालमत्तेची अट काढून टाकली.

माझं घोडं अडलंय ते १८६९ च्या जमीन आयोगापाशी. सरकारने मोठे मळे विकत घ्यायचे, तुकडे पाडायचे आणि भूमिहीन कुटुंबांना हप्त्यांनी द्यायचे, अशी ती योजना. सुरुवातीला निकस जमिनी चढ्या भावाने घेऊन अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ले, हे खरं. पण हजारो कुटुंबं या जमिनींवर वसली, हेही तितकंच खरं. पुढे कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांतून मात्र 'अडाणी आणि चोरांचं विधिमंडळ' एवढंच शिकवलं गेलं. लाच चारणाऱ्या गोऱ्या रेल्वेवाल्यांची नावं सोयीस्कर मागे पडली. मला हे फार अन्यायाचं वाटतं, म्हणून नुसतं मत न मांडता पुरावा दाखवायचाय.

तर जमीन आयोगाच्या विधेयकावर कोणी कसं मतदान केलं, हे सभागृहाच्या इतिवृत्तात नावानिशी मिळेल का? त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती कुठे आहेत? आयोगाच्या हप्त्यांच्या वह्या कोणी पाहिल्यात का?

दुसरं, १८७६ च्या निवडणुकीनंतर मॅकी (रिपब्लिकन) आणि वॉलेस (डेमोक्रॅट) असे दोन सभापती आणि दोन्ही पक्षांचे आमदार एकाच सभागृहात चार दिवस ठाण मांडून बसले होते. एकाच वेळी दोन कामकाजं! १८७७ च्या एप्रिलमध्ये केंद्राचं सैन्य विधानभवनातून निघालं आणि सगळी सत्ता गव्हर्नरपदाचे डेमोक्रॅट दावेदार हॅम्प्टन यांच्या बाजूकडे गेली. त्या चार दिवसांचं कोणा आमदाराने स्वतः लिहिलेलं वर्णन हवंय, शक्यतो मॅकीच्या बाजूचं.

इंग्रजी साहित्य चालेल. साउथ कॅरोलिनाची राजधानी कोलंबिया, तिच्या आसपास कोणी मराठी मंडळी राहत असतील आणि तिथल्या अभिलेखागारात जाणं शक्य असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. प्रतींचा खर्च मी देईन.