घरच्या मेलसाठी पॉपच घ्यावं, आयमॅप नको

गोदाकाठ

सर्व्हरवरून, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावरून, पत्रं आपल्यापर्यंत आणायच्या पॉप आणि आयमॅप अशा दोन पद्धती आहेत. मेल प्रोग्रॅममध्ये खातं जोडताना हल्ली तो स्वतःच आयमॅप निवडतो आणि आपणही ‘पुढे’ दाबून मोकळे होतो. ऑफिसच्या मेलसाठी ते ठीक. स्वतःच्या, घरच्या मेलसाठी मात्र पॉपच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉपमध्ये पत्र सर्व्हरवरून उतरून तुमच्या संगणकावर येतं आणि तुमचं होतं. आयमॅपमध्ये ते सर्व्हरवरच राहतं, तुम्हाला दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. तिथून गेलं की इथूनही गेलं. मग कंपनीने धोरण बदललं की इतक्या वर्षांची पत्रं तिच्या मर्जीवर. गुगलने दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली. १ जून २०२१ पासून गुगलवर चढवलेले नवे फोटोही जीमेलच्याच फुकटच्या १५ जीबीत मोजले जातात, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ चढवून जागा भरली की मेल यायचेही थांबतात. मेलवरून गटात गप्पा मारायची सोय असलेले याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये कायमचे बंद झाले. ज्यांनी गटाची पत्रं संगणकावर उतरवून घेतली होती, त्यांच्याकडे ती आजही आहेत.

फोनच्या लाइनवरून इंटरनेट देणाऱ्या सरकारी व्हीएसएनएलच्या काळात मेल वापरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मोडेमने लाइन लावायची, आलेलं उतरवायचं, लिहून ठेवलेलं पाठवायचं, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं. फोनचं बिल चढत असताना सर्व्हरवर बसून वाचणं परवडायचं नाही. ते पत्ते केव्हाच गेले. पत्रं माझ्याकडे अजून उघडतात.

रातराणी

साफ असहमत. घरात एक टेबल, त्यावर एक संगणक आणि तिथेच बसून मेल बघणारा एक माणूस, हे चित्र धरून तुम्ही लिहिलंय. आज तोच माणूस सकाळी फोनवर मेल वाचतो, दुपारी ऑफिसातून उत्तर देतो आणि रात्री घरी लॅपटॉप उघडतो. पॉपला यातलं काही कळत नाही. त्याला सर्व्हरवरची एकच पेटी दिसते, ती इनबॉक्स. तुम्ही केलेले फोल्डर नाहीत, वाचलं की नाही याची खूण नाही, अर्धवट लिहिलेला मसुदा नाही. फोनवरून विमा कंपनीला उत्तर पाठवलंत, तर घरच्या संगणकावर ते पत्र अनुत्तरितच दिसणार.

सर्व्हरवाला

रातराणींशी सहमत. आयमॅप निघालंच या अडचणीतून. पॉपचा पहिला मसुदा १९८४चा. त्यात टपाल उचला आणि जा, एवढीच अपेक्षा होती. १९८६च्या सुमारास स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप मांडलं ते पत्रपेटी सर्व्हरवर एकाच जागी ठेवून कुठूनही उघडता यावी म्हणून.

आणि पॉप दिसतं तितकं निर्धास्त नाही. त्यात पत्र पुसायची सूचना दिली तरी ते लगेच पुसलं जात नाही. शेवटी प्रोग्रॅमने नीट निरोप घेतला तरच सर्व्हर पुसतो. मध्येच नेट गेलं तर सगळी पत्रं तिथेच राहतात, आणि प्रोग्रॅमने प्रत्येक पत्राची ओळखखूण जपून ठेवली नसेल तर पुढच्या वेळी तीच पत्रं पुन्हा उतरतात. उलट, ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण फोनवर करायची राहिली तर फोन पत्रं उचलतो आणि संगणकाला रिकामी पेटी मिळते. जीमेलचं तर निराळंच: पॉपवर एका प्रोग्रॅमला दिलेलं पत्र ते दुसऱ्याला देत नाही. त्यासाठी युजरनेमच्या आधी ‘रीसेंट’ आणि कोलन लिहावं लागतं, मग गेल्या ३० दिवसांचं सगळ्यांना मिळतं. हे सामान्य माणसाने कुठून शोधायचं?

गोदाकाठ

या अडचणी खऱ्या आहेत, पण सगळ्या सेटिंगच्या आहेत आणि एकदा बसून सुटतात. सर्व्हरवर प्रत ठेवा, किती दिवस ठेवायची तो आकडा भरा. फोनवर हवं तर आयमॅप लावा. घरच्या संगणकावर पॉप असू द्या, कारण तिथे उतरलेलं पत्र फोनवरून पुसलं जात नाही. मुलाने फोन हाताळताना पन्नास पत्रं एकदम निवडून उडवली, तर आयमॅपवाल्या संगणकावरूनही ती पुढच्या जोडणीला जातात. त्या यंत्रणेचं कामच ते आहे, दोन्हीकडे सारखं दिसलं पाहिजे. बॅकअपचं काम ती करत नाही, आणि लोक तिला बॅकअप समजून बसलेत, हीच माझी तक्रार आहे.

ओसरीवर

मी लोकांचे संगणक दुरुस्त करून देतो, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. ‘पत्र तुमचं होतं’ म्हणता, पण कुठे ठेवलेलं असतं ते कितीजणांना ठाऊक आहे? थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमची पत्रं विंडोजमध्ये डॉक्युमेंट्समध्ये नसतात. अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, रोमिंगच्या आत, प्रोफाइलमध्ये असतात. अख्खा इनबॉक्स म्हणजे एक्स्टेंशन (नावामागचं .doc, .jpg असं शेपूट) नसलेली एक फाइल. माणूस पेन ड्राइव्हवर फोटो आणि डॉक्युमेंट्स घेतो, विंडोज पुन्हा टाकून घेतो, आणि चार दिवसांनी विचारतो, माझे मेल कुठे गेले? आयमॅप असेल तर मी खातं जोडतो आणि तासाभरात सगळं परत दिसू लागतं. पॉप असेल आणि सर्व्हरवर प्रत नसेल, तर मान हलवण्यापलीकडे माझ्या हातात काही नसतं. हार्ड डिस्क मेली तरी तेच. मोठी कंपनी खातं बंद करेल ही भीती मला मान्य आहे, पण माझ्या टेबलावर रोज येते ती मेलेली डिस्क.

वाचनवेल्हाळ

ओसरीवर यांचा मुद्दा पटला. तरी गोदाकाठ यांच्या बाजूने एक जोडते. आमच्या डोमेनबरोबर (स्वतःच्या नावाच्या वेबपत्त्याबरोबर) मिळालेल्या पेटीला जागा बेताची आहे. आयमॅपवर ती सारखी भरते आणि मग येणारं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. पॉपने उतरवत गेलं की तो प्रश्नच राहत नाही.

रातराणी

त्यावर उपाय आयमॅपमध्येही आहे. थंडरबर्डमध्ये डावीकडे खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतं. तिथे वर्षवार फोल्डर करा आणि जुनं वर्ष तिकडे कॉपी करा. ते संगणकावर राहतं, सर्व्हरशी त्याचा संबंध उरत नाही. जागा मोकळी करायची असेल तर कॉपी उघडून बघितल्यावरच मूळ पुसा. गोदाकाठ, तुम्हाला हवी ती ‘स्वतःची प्रत’ अशी मिळते, आणि फोन-लॅपटॉपचा मेळही राहतो. जीमेलवाल्यांना टेकआउट या गुगलच्या सोयीतून सगळा मेल एका फाइलीत उतरवता येतो.

गोदाकाठ

रीत चांगली आहे, आणि जो करेल त्याला माझा आक्षेप नाही. पण लोकल फोल्डर्स काय नि टेकआउट काय, माणसाने आठवण ठेवून करायचं काम आहे. दिवाळीच्या सफाईत करू म्हणतात आणि राहून जातं. पॉपमध्ये मेल बघितला की प्रत आपोआप उतरते, वेगळं काही करावं लागत नाही. ओसरीवर यांचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य: पॉप लावणाऱ्याने ते प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतलंच पाहिजे. म्हणून ज्यांना पॉप लावून देतो त्यांना मी आता ते फोल्डर उघडून दाखवतो आणि त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवून देतो.

ओसरीवर

शॉर्टकट ठेवता ते उत्तम. पण त्याबरोबर सर्व्हरवरही निदान वर्षभराची प्रत ठेवायला सांगा. एवढं कराल तर पॉपला माझा विरोध नाही. नाहीतर मी गिऱ्हाइकाला आयमॅपच लावून देणार.