आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी झोप नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक?

केजकर_२७

गाव केज तालुक्यात. आईचं वय ५१. सहा महिन्यांपासून झोपेचा खेळखंडोबा झालाय. पहाटे तीनला जाग येते, मग डोळ्याला डोळा लागत नाही. अंग ठणकतं, छातीत धडधडतं, तळपायाची आग होते, जेवण निम्म्यावर आलंय. भिशी, हरिपाठ, शेजारी जाणं सगळं सुटलं. ईसीजी, शुगर, सोनोग्राफी नॉर्मल. फिजिशियन म्हणाले टेन्शन आहे, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तीन महिन्यांपासून मेडिकलवरून आणलेली झोपेची गोळी, अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, रोज रात्री चालू आहे. ठणक्यासाठी दुखण्याची गोळीही घेते.

विचारायचं ते असं. एक, आधी गोळ्यांचा डॉक्टर की बोलून उपचार करणारा? दोन, अंबाजोगाई जवळ पडतं, तिथं सोय आहे का? तीन, आई म्हणते "मी काय येडी हाय का", तर न्यायचं कसं? चार, गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणतात, ते खरं का?

ओपीडी_खिडकी

तुमच्या आईच्या बाबतीत आधी मानसोपचारतज्ज्ञ. कारण अल्प्राझोलाम. रोजची तीन महिने झालेली ही गोळी स्वतःच्या मनानं एका रात्रीत बंद करायची नाही. झोप पार उडते, हातापायाला कापरं भरतं, काहींना फिटसुद्धा येते. डॉक्टर ती टप्प्याटप्प्यानं कमी करतात, तेही दुसरा उपचार अंगी लागल्यावर. ही गोळी शेड्यूल एच-१ मध्ये येते, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरला करावी लागते. तालुक्याच्या गावांत ती बिनचिठ्ठीची सर्रास मिळते हा भाग वेगळा.

पहाटेची जाग, भूक जाणं, ज्यात मन रमायचं ते सुटणं, हे सगळं दोन आठवड्यांच्या वर गेलं की डॉक्टर नैराश्याच्या अंगानं तपासतात. आपल्याकडं बायका "उदास वाटतं" असं म्हणत नाहीत. अंग दुखतं, जीव घाबरतो, डोकं बधिर झालंय म्हणतात. म्हणून सहा महिने ईसीजी आणि सोनोग्राफीत जातात.

पण सगळं मनावर ढकलू नका. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. तळपायाची आग बी-१२ कमी असल्यानंही होते, शाकाहारी माणसात जास्त. थायरॉइड बिघडला तर सुस्ती किंवा धडधड दोन्ही होऊ शकतं. ५१ म्हणजे पाळी जाण्याचंही वय. रात्री घाम येतो का, अंगातून वाफा निघतात का, ते डॉक्टरांना सांगा.

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या स्वारातीत, मानसोपचाराची ओपीडी आहे. पाटीवर "मनोविकृतीशास्त्र विभाग" लिहिलेलं असतं. ते वाचून आई दारातूनच मागं फिरेल, तयारीत राहा. जवळच लोखंडी सावरगावला वृद्धत्व व मानसिक आजारांसाठीचं शासकीय केंद्र आहे. तिथं कोणत्या वारी कोण बसतं ते आधी विचारून घ्या. बीडला जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं: मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, नर्स. हे पथक ठरलेल्या वारी ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांतही जातं. वार आशाताईला किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर विचारा. केजला येत असतील तर तुमचा हेलपाटाच वाचला.

पैशाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथं केसपेपर आणि तपासण्यांचं शुल्क द्यावं लागतं, पण ते खासगीच्या मानानं किरकोळ.

सकाळी लवकर जा. जुनी फाइल न्या आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, नुसती नावं सांगू नका. आदल्या सात दिवसांची झोपेची नोंद एका कागदावर: आडवी कधी झाली, डोळा कधी लागला, जाग कधी आली, दिवसा किती झोपली. हा कागद डॉक्टरांच्या फार कामाचा असतो. आणि आतमध्ये आईच्या आधी तुम्ही बोलू नका. मुलगा बोलतो, आई मान हलवते, पाच मिनिटांत गोळ्या लिहून होतात आणि खरं दुखणं तसंच राहतं. थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या असं तुम्हीच म्हणा.

निंबोळी

वरचं बरोबर आहे, पण "आधी गोळ्या, मग वेळ मिळाला तर समुपदेशन" असा अर्थ कुणी काढू नये. सौम्य त्रास असेल तर नुसत्या बोलून केलेल्या उपचारानंही फरक पडतो. मध्यम आणि त्यापुढच्या त्रासात दोन्ही बरोबर चाललेलं चांगलं.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा त्याच्या पुढं गेलं की नीट तपासणी हवीच. निदान त्यावरून होत नाही, पण दर महिन्याला भरली तर उतार पडतोय का ते आकड्यात दिसतं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाट्या वाचायला शिका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या हाच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतो, गोळ्या देत नाही. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते आणि त्याचा सीआरआर क्रमांक असतो. तो विचारण्यात संकोच कसला? "समुपदेशक" ही पाटी मात्र एमए मानसशास्त्र झालेलाही लावतो आणि पंधरा दिवसांचा कोर्स केलेलाही. फोनवर तीन गोष्टी विचारा: शिक्षण काय, कोणत्या पद्धतीनं काम करता, एका बैठकीचे किती. पहिल्याच फोनवर "दोन बैठकांत बरं करतो" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका. मेंदूची मशीन लावून पाच हजारांचं पॅकेज विकणाऱ्याकडं तर नकोच.

बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची, आठवड्यातून एकदा. विचार आणि वागणूक यांवर काम करणारी पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, तिच्यात साधारण १२ ते १६ बैठका धरतात. पहिल्या दोन विचारपूस करण्यात जातात, तेव्हा "नुसतं बोलायचे पैसे घेतात" असं घरचे म्हणणारच. चौथ्या बैठकीपर्यंत आपण नक्की कशावर काम करतोय हे आईला तिच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर थेरपिस्टला तसं स्पष्ट बोला, नाहीतर बदला. आणि भाषा बघा. "निगेटिव्ह थॉट्स चॅलेंज करा" म्हणणारा कितीही शिकलेला असला तरी तुमच्या आईला कामाचा नाही.

घरी करायचं कामही मिळतं. नैराश्यात पहिलं काम बहुतेक वेळा हालचालीचं असतं: वाटो न वाटो, ठरलेल्या वेळी एक छोटी गोष्ट. उदाहरणार्थ सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात वाजता पाराभोवती दहा मिनिटं चालून यायचं. आल्यावर वहीत दोन आकडे: करण्याआधी मन किती जड होतं, केल्यावर किती, दहापैकी. आईला लिहिता येत नसेल तर घरातलं कुणीही लिहील. इथं घरच्यांची एक चूक ठरलेली असते. एकदम मोठं काम देतात, "चल हरिपाठाला, मन रमेल". ते जमत नाही आणि जमलं नाही म्हणून ती आणखी खचते. आधी दहा मिनिटं चालणं, पुढं शेजारच्या काकूंकडं चहापुरतं, हरिपाठ त्याच्याही पुढं.

झोपेचंही तसंच. झोपायची वेळ तिच्या हातात नाही, उठायची आहे. रात्री कशीही गेली तरी उठणं एकाच वेळी. दिवसाची झोप अर्ध्या तासाच्या आत, चारनंतर चहा नाही. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळ झाली तर उठून बसायचं, मोबाइल न घेता. आपल्याकडं "पडून राहा, आराम होईल" म्हणतात, त्यानं झोप आणखी बिघडते.

धारूरघाट

चौथ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही. नैराश्याच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या लोक एकाच पिशवीत टाकतात. सवय लागते ती अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीची. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या नैराश्याच्या गोळ्यांची तशी चटक लागत नाही, डोस वाढवत जावा लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या हा त्रास होतो, म्हणून त्याही हळूहळूच उतरवतात.

उपचार मोडतो तो बहुतेकदा पहिल्या महिन्यात. गोळी आज सुरू केली तर पहिल्या आठवड्यात फायदा नाही आणि त्रास मात्र आहे: मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, कधी अस्वस्थपणा वाढणं. म्हणून डॉक्टर निम्म्या डोसानं सुरू करतात आणि जेवणानंतर द्यायला सांगतात. फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पुरता गुण कळायला सहा ते आठ आठवडे. घरात मात्र आठव्या दिवशीच निकाल लागतो, "ह्या गोळ्यांनी आई जास्तच आजारी पडली". पुढं दोन महिन्यांनी उलटं. बरं वाटलं की गोळ्या बंद. पहिल्या वेळच्या नैराश्यात पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो. हा हिशोब पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून आईसमोर वदवून घ्या.

दुखण्याच्या गोळ्या घेते म्हणालात, ते नक्की सांगा. डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणि नैराश्याची गोळी रोज बरोबर गेली तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.

सरकारी दवाखान्यात कधी एका कंपनीची गोळी मिळते, कधी दुसरीची. रंग बदलला की बायका गोळी बंद करतात. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम जुळलं की झालं. संपली तर जनऔषधी केंद्रात त्याच नावानं मागा. गोळ्या संपायच्या आत फेरी धरा, आदल्या वेळचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते केसपेपरवरच लिहून आणा. एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच हातभार.

केजकर_२७

सगळ्यांचे आभार. टीएसएच आणि बी-१२ उद्याच करतो. आणखी दोन अडचणी. मावशी म्हणते बाहेरचं आहे, देवऋष्याला दाखवा. आणि परवा आई म्हणाली "देवानं उचललं तर बरं होईल". हे गंभीर धरायचं का?

ओपीडी_खिडकी

हो, धरायचं. "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प करू नका. शांतपणे सरळ विचारा: "आई, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून मोकळं व्हायला वाट मिळते. "देवानं न्यावं" इथंच थांबते की "मी स्वतः काही करीन" इथं येते, हे कळलं पाहिजे. दुसरं असेल तर तिला एकटी ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रात्र असेल तर अपघात विभागात. ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही.

उत्तर काहीही येवो, फवारणीचं औषध आजच घरातून हलवा. आपल्याकडं डबे माळवदावर नाहीतर न्हाणीच्या कोनाड्यात असतात. कुलपाच्या पेटीत, शेतातल्या खोलीत किंवा भावकीत ठेवा आणि किल्ली तुमच्याकडं. असला विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता उसळतो. तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही तर जीव वाचतो. अल्प्राझोलामचं पाकीटही तुमच्याजवळ ठेवा, रोज एकच गोळी द्या.

रात्री-बेरात्री १४४१६ ला फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. आधी समुपदेशक बोलतो, गरज पडली तर पुढं तज्ज्ञाकडं जोडून देतात. आईच बोलली पाहिजे असं नाही, कसं बोलावं हे तुम्हीही विचारू शकता.

निंबोळी

देवऋष्याचं: मावशीशी वाद घालत बसलात तर आई मधल्या मध्ये अडकेल. अंगारा लावायचा तर लावू दे, गोळी बंद होता कामा नये एवढी एकच अट. मारहाण, उपाशी ठेवणं, धुरी देणं असलं काही निघालं तर तिथून तडक आईला घेऊन निघा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

आणि नेताना बीपी दाखवायला म्हणून फसवून नेऊ नका. पाटी वाचल्यावर तिचा तुमच्यावरचा विश्वास जाईल आणि दुसऱ्या फेरीला ती येणार नाही. "झोपेसाठी आणि धडधडीसाठी डॉक्टर दाखवू, नाही पटलं तर पुढं जायचं नाही" एवढंच म्हणा. ते खरंही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचाराला होकार द्यायचा तो तिनंच, आणि तिची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. गावात कळेल ही भीती असेल तर हे तिला आधीच सांगा. शेजारची जीप करू नका, एसटीनं जा.

धारूरघाट

बी-१२ चं रक्त देण्याआधी कुठलंही बी-१२ चं इंजेक्शन किंवा ताकदीच्या गोळ्या सुरू करू नका, रिपोर्ट फसवा येतो. आधीच चालू असतील तर कधीपासून ते लॅबच्या चिठ्ठीवर लिहा.