राजद्रोह आणि देशद्रोह : अर्थ एकच का?

पुतणी नववीत आहे. परवा तिच्या इतिहासाच्या वहीत वाक्य वाचलं, '१८९७ साली टिळकांवर देशद्रोहाचा खटला चालला.' बाजूला लाल शाईत बरोबरची खूण. मी म्हटलं, "अगं, टिळकांनी कुठल्या देशाचा द्रोह केला?" तिनं वही ओढून घेतली, 'देश' खोडून वर 'राज' लिहिलं आणि विचारलं, "पण काका, दोन्हींचा अर्थ एकच ना?" मी तिला दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं, म्हणून इथे मांडतो.

'द्रोह' हा शब्द नात्याशिवाय उभा राहत नाही. मित्रद्रोह, गुरुद्रोह, स्वामिद्रोह. ज्याच्याशी निष्ठेनं बांधलेलो आहोत त्याचा विश्वास मोडला तर द्रोह. राजद्रोह म्हटलं की आपण राजाचे बांधील आहोत हे आधीच गृहीत धरलेलं असतं. भारतीय दंड संहितेत १२४-क हे कलम १८७० साली घातलं गेलं, तेव्हा इथली माणसं खरोखरच राणीच्या सरकारची प्रजा होती. त्या कलमाला मराठीत 'राजद्रोह' म्हणणं अगदी चोख होतं.

त्या कलमातला कळीचा शब्द मराठी भाषांतरात 'अप्रीती' असा येतो. सरकारबद्दल अप्रीती चेतवणं हा गुन्हा. १८९७ च्या खटल्यात मुंबईच्या न्यायालयात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे निव्वळ प्रीतीचा अभाव. द्वेष करायला नको, हिंसेची भाषा नको, प्रेम नसलं की पुरे! नऊ जणांच्या ज्यूरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी ठरवलं, तीन भारतीयांनी नाही, आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एका शब्दाचा अर्थ जरा ताणला म्हणून माणूस तुरुंगात जातो, हे वाचलं की आजही पोटात कालवतं. सरकारवर प्रेम करण्याची सक्ती फक्त प्रजेवर होऊ शकते. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात गांधीजींनी हेच सांगितलं, की प्रीती कायद्यानं निर्माण करता येत नाही. त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

आता 'सरकार'. हा फारसीतून आलेला शब्द. त्यातल्या 'सर'चा अर्थ डोकं. १८९७ सालच्याच जुलैत केसरीच्या अग्रलेखाला टिळकांनी मथळा दिला, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' फारसी व्युत्पत्ती त्यांच्या मनात होती की नाही हा मुद्दा सोडा. संस्थानात ज्या शब्दानं माणसं मान खाली घालून हाक मारत, 'जी सरकार' म्हणत, त्याच शब्दापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह ठेवलं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि १९१६ मध्ये त्यांनी शब्दाची फोडच केली. होमरूलच्या भाषणांत ते म्हणाले, सरकार दोन प्रकारचं : एक अदृश्य, निर्गुण ब्रह्मासारखं, दुसरं दृश्य, म्हणजे कारभार हाकणारे अधिकारी. अधिकारी बदला म्हणणं हा अदृश्य सरकारचा द्रोह नव्हे. या भाषणांवरून त्यांच्याकडून चांगल्या वागणुकीची हमी म्हणून जामीन मागितला गेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला.

प्रतिसाद :

चांगला विषय काढलात. मी वकिली करते, एक भर घालते. तुम्ही सांगितलेली ती फोड सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालातही दिसते. कायद्यानं स्थापन झालेलं शासन वेगळं आणि त्या घडीला कारभार पाहणारी माणसं वेगळी. कितीही कडक टीका केली तरी हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी नसेल तर राजद्रोह नाही. त्याआधी, डिसेंबर १९४८ मध्ये, संविधान सभेनं कन्हैयालाल मुन्शी यांच्या दुरुस्तीवरून भाषणस्वातंत्र्याच्या अपवादांतून हा शब्दच काढून टाकला होता. दंड संहितेत मात्र तो तसाच राहिला.

अर्जांची भाषाही बघा. आमच्या कागदांवर अजून 'मे. न्यायालय' लिहितात. हा 'मे.' म्हणजे मेहेरबान. नव्या मुलांना वाटतं मेसर्स!

दुसरा प्रतिसाद :

पण आता राजा नाही, मग 'देशद्रोह' म्हटलं तर बिघडलं कुठे? दंड संहितेच्या जागी नवी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम १५२ मध्ये सार्वभौमत्व, एकता, अखंडता हे शब्द आहेत. राजद्रोह गेला, देशद्रोह आला, असंच संसदेत सांगितलं गेलं.

मूळ लेखक :

ताई, 'मे.'बद्दल आभार, मीही इतकी वर्षं चुकीचंच समजत होतो.

दादा, बिघडतं ते असं. राजा गेला की 'राज'च्या जागी 'देश' बसवणं सोपं वाटतं. पण राजद्रोहाच्या आरोपात निदान उघड होतं की तक्रार राजाची आहे. सरकारवर बोलणाऱ्याला देशद्रोही म्हटलं की तक्रारदार सगळा देश होतो. नव्या कलमातले शब्द देशाबद्दल आहेत हे खरं. म्हणूनच ते सरकारला लावले जाऊ नयेत, याकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. थायलंडमध्ये राजाच्या अवमानाला एका आरोपामागे तीन ते पंधरा वर्षं तुरुंग आहे. रशियात २०२२ पासून युक्रेनमधल्या युद्धाला युद्ध म्हणणाऱ्यांवर खटले झाले. सरकारी शब्द 'विशेष लष्करी कारवाई'. तिथे माणसानं कुठला शब्द वापरायचा हे राज्यकर्ता ठरवतो.

मराठीनं हा फरक क्रियापदांत जपलाय. सरकार येतं, जातं, पडतं, पाडतात, अल्पमतात येतं, कोसळतं. यातलं एकही क्रियापद 'देश'ला लावून बघा. देश अल्पमतात येत नाही. उलट राजाला 'अल्पमतात आला' म्हणता येत नाही, त्याला गादीवरूनच उतरवावं लागतं. आपली माणसं चहाच्या टपरीवर 'हे सरकार पडणार बघ' असं सहज म्हणतात, ते प्रजेचं वाक्य नाही, मतदाराचं आहे.

पुतणीला मी आता हीच क्रियापदांची कसोटी दिली आहे. तिनं दोन रकाने आखलेत, सरकारचा भराभर भरतोय. आणि 'अप्रीती' हा शब्द कायद्याच्या पुस्तकाबाहेर, बोलण्यात किंवा जुन्या पत्रांत, कुणाला भेटला असेल तर वाक्यासकट इथे द्या. मला अजून एकदाही भेटलेला नाही.