मदत हवी आहे: तीनचाकी बुलेट लिफ्टवर घेतली की मागे कलंडते

नमस्कार मंडळी. गोव्यात सावईवेऱ्याला मामांचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे. नारळ, सुपारी आणि अननस वाहायला त्यांनी जुन्या बुलेट ३५० ची ट्राइक करून घेतली आहे. मागे रिक्षाची दोन चाकं, मध्ये ३० मिमीचा सरळ एक्सल, डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही. गाडी कुळागराबाहेर कधीच जात नाही, त्यामुळे 'पासिंग आहे का' हा प्रश्न कृपया नको.

एक्सलची दोन्ही बेअरिंगं (यूसीपी २०६, म्हणजे ३० मिमीच्या दांड्याची, बोल्टने बसवायची घरासकट बेअरिंगं) वाजतात. पाटाच्या पाण्यातून रोजची ये-जा, त्यात आपला पाऊस. ग्रीसच्या जागी तांबडा चिखल निघतो. बदलायचं काम घरीच करणार आहे. माझ्याकडे बाइकचा छोटा सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या पायांनी वर जाणारा जॅक) आहे, ५०० किलोचा, वरची पाटी साधारण ३५ सेंमी लांब. साध्या बाइकला लावतात तसा इंजिनाखाली लावला, तर पुढचं चाक वर जातं आणि मागची चाकं जमिनीवर ती जमिनीवरच.

सुपारीच्या काट्यावर एकेक टोक ठेवून वजन पाहिलं: पुढे ९० किलो, मागे १८०. पुढच्या चाकाच्या मध्यापासून एक्सलपर्यंत १६५ सेंमी. लिफ्ट नेमका कुठे लावू? की मोठा टेबल लिफ्ट भाड्याने आणू?

प्रतिसाद

बाब, काट्यावर वजन घेतलंत तिथेच अर्धं काम झालं. टेबल लिफ्ट विसरा, तो अरुंद असतो, तुमची मागची चाकं दोन्हीकडून बाहेर लोंबतील.

एकूण २७० पैकी पुढे ९०, म्हणजे एक तृतीयांश. तेव्हा गाडीचा तोल (वजनाचा मध्य) एक्सलच्या पुढे १६५ चा तिसरा हिस्सा, ५५ सेंमीवर. तुम्ही पाटी त्याच्या बरीच पुढे लावताय. पण नेमकी ५५ वरही लावू नका! चाकांसकट एक्सल निघाला की मागचे समजा ४५ किलो गेले. मग तोल ६६ सेंमीवर सरकतो आणि गाडी नाक खाली घालते. पाटीचा मध्य ६० वर धरा, दोन्ही जागा पाटीच्या आत येतात.

दुसरं, भार इंजिनावर देऊ नका. या बुलेटला इंजिनाखालून फ्रेमची नळी जात नाही, इंजिनाचा चेंबरच (खालचं कवच) पाटीला टेकतो. ट्राइकच्या चॅसीच्या दोन्ही चॅनेलना टेकतील असे दोन आडवे अँगल पाटीवर ठेवा. खाली कच्ची जमीन असेल तर लिफ्टच्या पायांखाली जाड लोखंडी पत्रा हवाच, नाहीतर एक पाय रुतेल.

आणि जोर लावायची सगळी कामं गाडी जमिनीवर असताना: चेनचं लॉक काढणं, ब्रेकचे रॉड सोडवणं, बेअरिंगचे बोल्ट ढिले करणं. वर गेलेल्या गाडीला एका बाजूने पाना मारला की ती डोलते.

धागाकर्ता

पटलं. बेअरिंगं चॅसीच्या खालून बोल्टने धरलेली आहेत. मग एक्सल उचलायलाच नको ना?

प्रतिसाद

नकोच. बोल्ट काढा, चॅसी तेवढी वर घ्या, एक्सल आपल्याच चाकांवर मागे ढकलत न्या. लगेच चॅसीखाली चार घोड्या (लोखंडी टेकू) लावा, हायड्रॉलिकच्या भरवशावर हात आत घालू नका. बेअरिंगचे ग्रब स्क्रू (एक्सलवर बेअरिंग आवळून धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) गंजून बसले असतील, आदल्या रात्रीच डिझेल सोडून ठेवा. नवी बेअरिंगं चढवण्याआधी शाफ्टला (एक्सलच्या दांड्याला) पॉलिश पेपर मारा, आणि चिमटीने चाचपून पाहा: जुन्या जागी खाच लागत असेल तर शाफ्टच बदला, नाहीतर नवी बेअरिंगं महिनाभरात पुन्हा वाजतील.

धागाकर्ता

देव बरें करूं. डिझेल आज रात्रीच सोडतो.